कोब्याला पाणी: आधी कमी, नंतर भरपूर

घरात दुसरी गाडी आली की गॅरेजशेजारच्या मोकळ्या पट्ट्याकडे लक्ष जातं. ‘पाच बाय तीन मीटरचा कोबा टाकून घेऊ’ म्हणताना काम किरकोळ वाटतं. पण पाच इंच जाडीचा हा काँक्रीटचा तुकडा साडेचार टनांचा होतो, त्यात पंधरा-एक पोती सिमेंट जातं आणि तो फुटला तर दुरुस्ती जवळपास नसतेच. म्हणून त्याच्यातलं पाणी समजून घ्यायला हवं.

काँक्रीट ‘वाळून’ घट्ट होतं, हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात सिमेंटमधली कॅल्शियम सिलिकेटं पाण्याशी रासायनिक संयोग पावतात आणि त्यातून अतिसूक्ष्म, एकमेकांत गुंतलेलं जेल तयार होतं. वाळू-खडीला धरून ठेवतं ते हेच. या क्रियेत उष्णता बाहेर पडते, म्हणून ताजा कोबा हाताला कोमट लागतो. 50 किलोच्या पोत्याला या क्रियेसाठी साधारण 19 लिटर पाणी पुरतं. माल थापीखाली नीट सरकावा म्हणून 25 लिटरपर्यंत जाता येतं. त्यावर मिस्त्रीने ‘माल जड पडतोय’ म्हणत आणखी दहा लिटर ओतलं, तर ते जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. ताकद एक तृतीयांशाहून अधिक घटते. पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर ताकद ठरते, हा नियम डफ अब्राम्स या अमेरिकी संशोधकाने 1918 मध्ये मांडला. मिक्सरपाशी उभं राहून बादल्या मोजणं मला म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं.

एकदा कोबा आवळला, की मात्र पाण्यात कंजुषी नको. आतली क्रिया आठवडे चालते आणि पृष्ठभाग कोरडा पडला की तिथे ती थांबते. मग वरची कातडी भुसभुशीत राहते, टायरखाली धूळ सुटते. कडेने सिमेंटवाळूची आळी करून पाणी साठवावं, नाहीतर ओली गोणपाटं अंथरावीत. आपल्याकडे बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट राख मिसळलेलं असतं. ही राख सावकाश काम करते, त्यामुळे भारतीय मानकानुसार अशा कोब्याला किमान 10 दिवस ओलावा द्यावा लागतो. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडणं मे महिन्याच्या उन्हात पुरत नाही.

पाण्याचा तिसरा खेळ कोब्याखाली चालतो. पुणे, सोलापूर, विदर्भ इथल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. दख्खनच्या बसाल्टची झीज होऊन बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि ते एकमेकांपासून दूर सरकतात. फुगणाऱ्या मातीचा जोर एवढा असतो, की गाडी आणि कोबा मिळून तिला दाबू शकत नाहीत. म्हणून काळी माती जमेल तितकी खोल काढावी, मुरूम थराथराने भरून पाणी मारत धुमसावा, त्यावर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, करावं. गच्चीच्या पन्हळीचं पाणी तिथे सोडू नये. दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार द्यावा, तोही गॅरेजच्या विरुद्ध बाजूला.

एवढं केलं तरी कोबा आक्रसणारच. पाच मीटर लांबीत तो दोन-अडीच मिलिमीटरनी लहान होऊ शकतो. जमिनीला चिकटलेल्या कोब्याला सहज सरकता येत नाही, मग तो तडकतो. तडा कुठे जावा हे आपण ठरवायचं: दुसऱ्या दिवसाच्या आत, मधोमध, जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी खाच कापून. तडा त्या खाचेच्या तळाशी, नजरेआड जातो.

गॅरेजच्या भिंतीला कोबा थेट भिडवू नये, मध्ये थर्माकोलची पट्टी ठेवावी. भिंत पायावर उभी आहे, कोबा मुरमावर. दोघं आपापल्या गतीने बसतात, तापतात, निवतात. आठवड्यात कोब्यात सुमारे दोन तृतीयांश ताकद येते आणि हिशेबातली पूर्ण ताकद 28 दिवसांची धरतात. तेवढे दिवस गाडी रस्त्यावरच राहू द्यावी.