डाग गेले म्हणजे मासा बरा झाला असं नाही

सांगली-मिरजेत आता खाऱ्या पाण्याचे टँक दिसायला लागलेत, समुद्र पार घाटाखाली रत्नागिरीकडं, तरी लोक आरओच्या पाण्यात मरीन सॉल्ट कालवून क्लाउनफिश, टँग असे समुद्री मासे पाळतात आणि खरंच छान पाळतात. पण अंगावर पांढरे ठिपके दिसले की बरेचजण गोड्या पाण्यातला उपाय करतात, म्हणजे मीठ टाका, हीटर ३० वर न्या. मासे जातात ते इथंच.

समुद्रातल्या इचचा, म्हणजे या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा, परजीवी वेगळा आहे, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. तो खाऱ्या पाण्यातलाच, त्याला वरून मीठ टाकून काय होणार, आणि ३० डिग्रीला पण तो आरामात जगतो. उलट पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमधे चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, नसेल तर पाणी आधीच तापलेलं असतं.

आता नीट बघा, हा परजीवी माशाच्या कातडीत घुसून ३ ते ७ दिवस खातो, मग सुटून वाळूला, दगडाला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत त्याची शेकडो पिल्लं तयार होतात. म्हणजे आठवड्याभरात डाग गेले, आपण खूश होऊन औषध बंद केलं, तर नेमकी तेव्हाच पुढची आणि जास्त मोठी लाट तयार होत असते. कॉपरचं म्हणजे तांब्याचं औषध मारतं ते फक्त मोकळं पोहणाऱ्या पिल्लांना, कातडीतल्याला किंवा कवचातल्याला ते पोचतच नाही, म्हणून लेव्हल एक दिवस पण खाली जाता कामा नये. साध्या आयोनिक कॉपरची लेव्हल लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, किमान १४ दिवस, बरेचजण ३० दिवस ठेवतात. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनाला बांधलेल्या, कॉपरचा डोस याच्यापेक्षा खूप जास्त असतो, तो बाटलीवर बघा, आणि टेस्ट किटशिवाय कॉपर वापरूच नका.

हे सगळं वेगळ्या टँकमधे करायचं, त्यात वाळू-दगड नको, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे बास, पण अमोनिया रोज चेक करा. मेन टँकमधे कॉपर टाकलं तर कोरल, कोळंबी सगळं मरतं.

कातडीला पडलेलं प्रत्येक छिद्र माशाला महागात का पडतं, तर समुद्राचं पाणी त्याच्या रक्तापेक्षा साधारण तिप्पट खारट, त्यामुळं अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं आणि तो सतत समुद्र पीत राहून ते भरून काढतो. कातडी फाटली, मग ती परजीवीनं असो, जाळीत घासून असो की भांडणात चावून, की ही गळती वाढते. जखमेची कड लाल व्हायला लागली तर बॅक्टेरियाची शंका घ्या आणि मनानं अँटिबायोटिक न टाकता मासे बघणाऱ्या व्हेटला विचारा.

ठिपक्यांपेक्षा आधी श्वास बघत जा हो. कल्ले भराभर हलतायत, मासा उजेड टाळतोय, वेव्हमेकरच्या, म्हणजे लाटा करणाऱ्या पंपाच्या, धारेत उभा राहतोय आणि अंगावर धुळीसारखी बारीक झाक आहे, तर तो वेल्व्हेट हा दुसरा रोग असू शकतो, परजीवी अमायलूडिनियम, तो कल्ल्यांवर बसतो आणि एक-दोन दिवसांत मासा जाऊ शकतो, तिथं सकाळपर्यंत थांबायचं नाही. क्लाउनफिशच्या अंगावरनं चिकट साल सुटल्यासारखी दिसत असेल तर ब्रुकलिनेला हा तिसरा परजीवी समजा, त्यावर कॉपर चालत नाही, फॉर्मॅलिन लागतं.

मासे काढल्यावर मेन टँक ७६ दिवस बिनमाशांचा ठेवायचा, कारण कवचातनं पिल्लं ७२ दिवसांनी बाहेर पडल्याची नोंद आहे. कोरल, कोळंबी त्यात खुशाल राहू द्या. जाळी आणि बादली मात्र दोन्ही टँकला वेगळी घ्या, ओल्या जाळीतनं पण हे इकडचं तिकडं जातं.