व्हीपीएन चालू असताना घरच्या शेअर केलेल्या फाइल्स उघडत नाहीत?

'घरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरची फाइल हवी असेल, तर आधी व्हीपीएन बंद करा' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

व्हीपीएन इंटरनेटकडे जाणारी वाहतूक बोगद्यातून, म्हणजे एन्क्रिप्ट करून स्वतःच्या सर्व्हरमार्गे नेतं. पण १९२.१६८.१.२० सारखा आयपी पत्ता (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता) घरच्याच नेटवर्कमधला. कॉम्प्युटरच्या राउटिंग टेबलमध्ये (कुठली वाहतूक कुठून पाठवायची, त्या यादीत) त्या नेटवर्कची स्वतंत्र नोंद असते, आणि जास्त नेमकी नोंद नेहमी आधी लागू होते. त्यामुळे ती वाहतूक बोगद्याकडे फिरकतच नाही.

मग अडतं कुठे? बरेचदा व्हीपीएन ॲपच स्थानिक नेटवर्क मुद्दाम अडवतं. सेटिंग्जमध्ये 'अलाऊ लॅन' (लॅन म्हणजे हेच स्थानिक नेटवर्क) किंवा तशाच नावाचा पर्याय शोधा. घरी तो खुशाल चालू करा. सार्वजनिक वायफायवर मात्र बंदच बरा.

दुसरा गुन्हेगार डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधणारी व्यवस्था. नावं शोधायचं काम व्हीपीएनच्या सर्व्हरकडे गेलं की त्याला तुमच्या कॉम्प्युटरचं नाव कुठून ठाऊक असणार! नावाऐवजी थेट आयपी पत्ता टाकून पाहा. चाललं, तर राउटरमध्ये तो पत्ता त्या कॉम्प्युटरसाठी राखून ठेवा.

ऑफिसच्या व्हीपीएनची गोष्ट वेगळी. तिथे लॅन बंद ठेवणं हा कंपनीचा नियम असू शकतो, आणि तो तुमच्या हातात नसतो.