चिकटपट्टी ओढताना ऊर्जा जाते कुठे?

खिळा न ठोकता भिंतीला फोटो लावून देणारी पारदर्शक, जेलीसारखी पट्टी सध्या ‘नॅनो टेप’ या नावाने घरोघरी पोचली आहे. जाहिरातीत पालीचं चित्र असतं आणि खाली ‘पालीच्या पायाचं तंत्रज्ञान’ असं लिहिलेलं असतं. एप्रिलमध्ये लावलेला फोटो पुण्यातला पाऊस लागला की जुलैत खाली येतो, आणि घरात एकमताने निकाल लागतो की गोंदच बेकार होता. गोंदावर आळ घेण्याआधी खाली पडलेली पट्टी उचलावी आणि तिची पाठ बघावी.

पाठीवर पांढरी भुकटी दिसली तर गोंद जिंकला आणि भिंत हरली. डिस्टेंपर किंवा त्याखालची पुट्टीच सुटून आली. पट्टी आणि भिंत दोन्हीकडे गोंदाचा थर राहिला असेल तर गोंद मधोमध फाटला. म्हणजे तो जरा जास्तच मऊ होता, किंवा आठवडेच्या आठवडे वजन पेलताना हळूहळू ओघळत गेला. आणि पट्टीही स्वच्छ, भिंतही स्वच्छ असेल, तर सुटला तो सांधा, म्हणजे गोंद आणि भिंत जिथे एकमेकांना टेकतात ती जागा. पावसाळ्यात बाथरूमच्या टाइलवरून पडलेल्या हुकाची पाठ बहुधा अशी कोरी असते. पॉलिमरच्या आसंजनावर, म्हणजे चिकटण्यावर, काम करणाऱ्या विद्यापीठांतल्या गटांचा बराचसा वेळ या तिसऱ्या प्रकारातच जातो, कारण इथली आकडेमोड वरवर पाहता जुळतच नाही.

आधी पालीचं निपटून टाकू. पालीच्या पायाला गोंद नसतो. तिथे केस असतात. ‘टोके गेको’ जातीच्या मोठ्या पालीच्या एका पायावर सुमारे पाच लाख, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे, प्रत्येक फाट्याचं टोक मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाइतकं रुंद. जीवशास्त्रज्ञ केलार ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००० साली असा एक केस उपटून त्याचं बळ मोजलं. ते सुमारे २०० मायक्रोन्यूटन भरलं. बाजारातल्या ‘नॅनो’ पट्टीत असा एकही केस नसतो. ती मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीची मऊ पॉलिमरची चकती असते. ती चिकटते ते मऊपणामुळे, आणि धुऊन पुन्हा वापरता येते ती धूळ निघाल्यामुळे. नावात नॅनो घातलं की किंमत वाढते, एवढाच त्याचा उपयोग. जाता जाता, पाल अंगाच्या कुठल्या भागावर पडली तर काय फळ, याचा ‘पल्लीपतन’ म्हणून सविस्तर तपशील पंचांगात असतो. ती का पडली, याचा मात्र नसतो. ओली काच आणि धुळीची भिंत यांवर तिची पकड कमी होते, हे प्रयोगात दिसलं आहे. टेफ्लॉनच्या कोरड्या पत्र्यावर तर तिला धड उभंही राहता येत नाही.

आता मूळ प्रश्न. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की त्यांच्या रेणूंमध्ये क्षीण आकर्षण असतं, शाळेत शिकलेलं व्हॅन डर वाल्स बल. हे आकर्षण तोडून दोन पृष्ठभाग वेगळे करायला लागणारी ऊर्जा फार थोडी असते. गोंद आणि काच यांच्यात ती एका चौरस मीटरला ०.०५ ते ०.१ ज्यूलच्या आसपास. ही झाली सांध्याची खरी किंमत.

प्रत्यक्षात किती मोजावी लागते ते घरी बघता येतं. काचेच्या शेल्फची खालची बाजू स्पिरिटने पुसून कोरडी करा. २४ मिलिमीटर रुंदीची साधी पारदर्शक पट्टी तिथे चिकटवा, अंगठ्याने सगळीकडे सारखी दाबा आणि वीस मिनिटं सोडा. मग एक टोक सोडवून सरळ खाली वळवा, काटकोनात. त्याला दोरीने प्लास्टिकची छोटी बाटली बांधा आणि पाण्यासकट एकूण वजन २०० ग्रॅम करा. काचेवर वरून स्केचपेनने दर सेंटिमीटरला रेघ मारून ठेवा, म्हणजे पट्टी किती वेगाने सुटते ते कळेल. काटकोनात ओढताना हिशेब सोपा असतो. बळाला रुंदीने भागलं की एका चौरस मीटरला लागलेली ऊर्जा मिळते. २०० ग्रॅम म्हणजे १.९६ न्यूटन, भागिले ०.०२४ मीटर, म्हणजे सुमारे ८० ज्यूल. पट्टी अगदी सावकाश सरकत असेल, मिनिटाला काही मिलिमीटर, तरीही ८०. सांध्याची किंमत दहा पैसे, आणि आपण मोजले ऐंशी रुपये.

प्रयोगशाळेत हेच यंत्रावर करतात. २५ मिलिमीटर रुंद पट्टी, चकचकीत स्टीलची पट्टिका, वरून दोन किलोचा रबरी रूळ फिरवायचा, वीस मिनिटं थांबायचं आणि मिनिटाला ३०० मिलिमीटर वेगाने पट्टी उलट दिशेला, म्हणजे १८० अंशांत, ओढायची. या कोनात पट्टीचं टोक सुटलेल्या लांबीच्या दुप्पट सरकतं, म्हणून ऊर्जा काढताना बळ दुप्पट धरावं लागतं. नवशिके हे हमखास विसरतात आणि अर्धंच उत्तर छापतात.

वरचे पैसे जातात कुठे? पट्टी सावकाश ओढत, ती सुटते त्या रेषेकडे बाजूने भिंगातून पाहावं. गोंदाचा थर वीस-पंचवीस मायक्रॉनचा, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. ताण आला की सांध्याजवळ बारीक पोकळ्या फुटतात. त्या फुगतात, त्यांच्यामधल्या भिंती ताणल्या जातात आणि बघता बघता तिथे तारांची रांग उभी राहते. पाक एकतारी झाला का हे बघायला आपण अंगठा आणि तर्जनी यांच्यात थेंब घेऊन बोटं फाकवतो, तशाच या तारा, पण शेकडो. फरक असा की पाकाची तार नुसती वाहते आणि तुटते. गोंदातले रेणू लांबलचक आणि एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे त्याची तार मूळ जाडीच्या कित्येक पट ताणली तरी टिकून राहते. ताणताना रेणू एकमेकांवर घासतात आणि ऊर्जा उष्णतेत जाते. शेवटी तारेचं टोक काचेवरून सुटतं, तार आखडते, आणि तिच्यात साठलेली उरलीसुरली ऊर्जाही वाया जाते. ऐंशी रुपये गेले ते या ताणाताणीत, काच सोडवण्यात नव्हे.

म्हणूनच चांगला गोंद कडक नसतो. खोडरबराच्या मानाने तो आणखी दहाएक पट मऊ हवा. थ्री-एम कंपनीतल्या कार्ल डाल्क्विस्ट यांनी घालून दिलेली कडकपणाची मर्यादा साधारण एक ते तीन लाख पास्कल आहे. त्याहून कडक पदार्थ भिंतीच्या खाचाखोचांत उतरतच नाही, मग टेकतो फक्त उंचवट्यांवर. आणि फार मऊ केला तर तो काकवी होतो, टेकतो छान पण वजन धरत नाही.

यातून एक घोटाळा मात्र होतो. सगळी ऊर्जा गोंदाच्या पोटातच जाते, तर सांध्याच्या त्या दहा पैशांना विचारतो कोण? उलट आहे. हा हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे:

सोलण्याची ऊर्जा = सांध्याची ऊर्जा × (१ + फाय)

यातला ‘फाय’ गोंदाच्या अंतर्गत घर्षणावर ठरतो, वेग आणि तापमान यांनुसार बदलतो आणि हजारांच्या घरात जाऊ शकतो. सांध्याने जेवढा वेळ धरून ठेवलं तेवढीच तार ताणली जाणार. पकड निम्मी झाली तर तार लवकर सुटणार आणि ऐंशीचे चाळीस होणार. अ‍ॅलन गेंट आणि जाक शुल्ट्झ यांनी १९७२ साली रबराचा थर प्लास्टिकच्या फिल्मवरून निरनिराळ्या द्रवांत बुडवून सोलला. द्रवामुळे सांध्याची ऊर्जा ज्या प्रमाणात घटली, त्याच प्रमाणात सोलायला लागणारं बळही घटलं. ‘फाय’ जिथल्या तिथे राहिला.

वेगाचं म्हणाल तर ‘फाय’ वेगाबरोबर वाढतो, पण सावकाश. त्यामुळे बाटलीचं वजन दुप्पट केलं की वेग दुप्पट नाही, कित्येक पट होतो. पॉलिमरमध्ये जास्त तापमान आणि कमी वेग हे एकमेकांचे पर्याय आहेत. रेणूंना सरकायला वेळ द्या किंवा ऊब द्या, परिणाम तोच. आलेखावर प्रत्येक तापमानाचा वक्र वेगाच्या (लॉगॅरिथमच्या) अक्षावर ठरावीक अंतर सरकवला की सगळे वक्र एकाच वक्रावर येऊन बसतात. हा मास्टर कर्व्ह ज्याने स्वतः काढला आहे, त्याला तो दाखवल्याशिवाय राहवत नाही. पण वाचकाला स्टीलचं नवं पातेलं जास्त उपयोगी. त्यावरचं लेबल काढायला आतल्या बाजूने मंद आचेवर दहा-पंधरा सेकंद ऊब देतात, ते याचसाठी. गोंद मऊ पडतो, ‘फाय’ उतरतो, लेबल अलगद येतं. आच जास्त झाली की गोंद मधोमध फाटतो आणि अर्धा पातेल्यावर राहतो. मग खोबरेल तेल लावून तास-दोन तास ठेवायचं. तेल गोंदात मुरून तो फुगतो आणि बोटाने गोळा होतो.

फार वेगाने ओढलं तर पट्टी किंचाळते. गोंदाला वाहायला वेळच मिळत नाही, पट्टी अडकत-सुटत जाते आणि मागे आडव्या रेघा उमटतात. निर्वात पेटीत असं केलं तर क्ष-किरण निघतात, हे २००८ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखवलं गेलं. घरी हवा असते, तेव्हा पार्सल उघडायला घाबरू नये.

सांध्याचे दहा पैसे वेगळे मोजायचे तर ‘फाय’ शून्यावर आणावा लागतो. त्यासाठी सिलिकोन रबराची अर्धगोल टिकली सिलिकोनच्याच पृष्ठभागावर अलगद टेकवतात आणि संपर्काचं वर्तुळ सूक्ष्मदर्शकातून मोजतात. जॉन्सन, केंडल आणि रॉबर्ट्‌स यांच्या १९७१ च्या सिद्धान्तानुसार ती सुटायला लागणारं बळ रबराच्या कडकपणावर अवलंबून नसतं. त्रिज्या आणि सांध्याची ऊर्जा एवढंच लागतं. एक मिलिमीटर त्रिज्येच्या टिकलीसाठी ते भरतं ०.२ मिलिन्यूटन, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याचं वजन. शेजारून कोणी चाललं तरी मापन बिघडतं, म्हणून यंत्राखालचं टेबल हवेच्या उशांवर तरंगत ठेवतात.

आता जुलैतली टाइल. काच आणि चकाकीच्या टाइलचा पृष्ठभाग पाण्याला गोंदापेक्षा जास्त जवळचा मानतो. वाफ कडेने आणि गोंदातूनही झिरपत आत पोचते, पाण्याचा रेणूभर थर मध्ये शिरतो आणि सांध्याची ऊर्जा शून्याकडे जाते. गुणाकारातली एक संख्याच शून्याजवळ गेली, मग ‘फाय’ हजार असून काय करणार? गोंद जसाच्या तसा शाबूत, आणि हुक खाली.

प्लास्टिकच्या बादलीचं दुखणं वेगळं. पॉलिथिलिनची पृष्ठऊर्जा, म्हणजे पृष्ठभागाची दुसऱ्या पदार्थाला धरण्याची ओढ, चौरस मीटरला जेमतेम ३१ मिलिज्यूल, त्यामुळे इन्स्टंट ग्लू त्यावर नीट पसरतच नाही. दुधाच्या पिशवीवर शाई टिकावी म्हणून छपाईआधी फिल्मवर ‘कोरोना’, म्हणजे हवेतून होणारा विजेचा विसर्ग, मारतात. त्याने पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट बसतात आणि आकडा ३८ च्या वर जातो. असा रोल गोदामात फार दिवस पडून राहिला की परिणाम उतरतो आणि छपाई नखाने खरवडली जाते.

पंक्चरवाला मात्र या सगळ्यावर मात करतो, कारण तो सांधाच शिल्लक ठेवत नाही. ट्यूब कानशीने घासून वरचा मळका, जुनाट थर काढायचा, सोल्युशन पातळ लावायचं आणि थांबायचं. द्रावक उडून बोटाला ओलं लागेनासं झालं की पॅच बसवून ठोकायचा. सोल्युशनमधले रबराचे रेणू ट्यूब आणि पॅच दोन्हींत शिरून गुंततात, आणि थोड्या वेळाने ‘इकडचं’ आणि ‘तिकडचं’ अशी रेषच राहत नाही. घाईत ओल्यावर पॅच ठोकला तर द्रावक आत कोंडतो, त्याचे बुडबुडे होतात आणि दुसऱ्या दिवशी तोच गिऱ्हाईक पुन्हा दारात.

सांध्यात पुढे सरकणारी भेग अडवण्याची आणखी एक युक्ती कानपूरच्या आयआयटीतल्या मजुमदार, घटक आणि शर्मा यांनी २००७ साली दाखवली. मऊ थराच्या पोटात हवेच्या किंवा तेलाच्या सूक्ष्म नळ्या ठेवल्या. सुटत जाणारी कड प्रत्येक नळीपाशी अडकते, थांबते आणि पुन्हा सुरू होते. दर वेळी नवी ऊर्जा खर्च. रसायन बदललं नाही, तरी पकड कित्येक पट वाढली.

हुक लावायचाच असेल तर टाइल स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. साबणाने नको, त्याचा थर मागे राहतो. अर्धा मिनिट जोरात दाबून धरावं आणि चोवीस तास काही टांगू नये, कारण गोंद खाचांत उतरायला तेवढा वेळ घेतो. वजन हुकाच्या टोकाला नाही, भिंतीलगत असावं. भिंतीपासून जितकं लांब, तितकी हुकाची वरची कड बाहेर ओढली जाते, आणि पट्टी सोलायला सुरुवात तिथूनच होते.