वही की कीबोर्ड? हात हळू चालतो, तिथेच खरी गंमत आहे

माझी भाची यंदा दहावीला आहे आणि घरात सध्या रोज एकच वाद, नोट्स वहीत काढायच्या की लॅपटॉपवर. आजीचं म्हणणं, लिहून काढलं की डोक्यात बसतं, आमच्या वेळी असंच होतं. भाचीचं म्हणणं, टाइप केलं की पटकन होतं, सर्च करता येतं, वही हरवायची भीती नाही, आणि मावशी तू सांग ना आजीला. मी दोघींचंही ऐकून घेतलं आणि मग यावर खरोखर काय संशोधन झालंय ते वाचायला बसले, कारण हा प्रश्न नुसता सवयीचा नाहीये, पोरांचे तासन्‌तास यात जातात.

सगळ्यात गाजलेला प्रयोग २०१४ चा, अमेरिकेतला. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी कॉलेजच्या मुलांना व्याख्यानांचे व्हिडिओ दाखवले, काहींना वही-पेन दिलं, काहींना इंटरनेट बंद असलेले लॅपटॉप. लॅपटॉपवाल्यांनी सरासरी ३१० च्या आसपास शब्द टिपले, वहीवाल्यांनी १७३ च्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मे. नंतर प्रश्न विचारले तेव्हा सन, नाव, आकडा असल्या सरळ प्रश्नांत दोघं सारखेच निघाले, पण ‘हे असं का होतं’ या जातीच्या प्रश्नांत वहीवाले पुढे गेले.

असं का, तर टाइप करणाऱ्यांच्या नोट्समध्ये वक्त्याचे शब्द जसेच्या तसे जास्त सापडले. बोटं वेगात चालतात म्हणून कानावर पडलेलं वाक्य सरळ स्क्रीनवर उतरतं, मध्ये डोक्यात थांबतच नाही. पुढच्या प्रयोगात लॅपटॉपवाल्यांना आधीच सांगितलं होतं की बाबांनो जसंच्या तसं उतरवू नका, तुमच्या शब्दांत लिहा, तरी त्यांनी तेच केलं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आता हे आपल्या घरात कसं दिसतं ते सांगते. दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. भाचीच्या फाइलमध्ये सरांचं वाक्य अख्खं होतं, ‘दोन वस्तूंमधील गुरुत्वीय बल हे त्यांच्या वस्तुमानांच्या गुणाकाराशी समानुपाती व त्यांच्यामधील अंतराच्या वर्गाशी व्यस्तानुपाती असते’, एकही शब्द सुटलेला नाही. मी विचारलं, अंतर दुप्पट केलं तर बल किती होईल, तर ती म्हणाली अर्धं. मग तिला म्हटलं हेच वहीत लिही, पण एका ओळीत बसव आणि सरांचा एकही शब्द वापरू नको. पाचेक मिनिटं पेन नुसतं हातात धरून बसली, दोन वेळा खोडलं, आणि मग लिहिलं: ‘वस्तू जड, ओढ जास्त. अंतर दुप्पट, ओढ चौथाई. तिप्पट, तर नववा भाग.’ त्या पाच मिनिटांत जे झालं ना तोच अभ्यास, बाकी सगळी उतरवाउतरवी.

पण याचा अर्थ पेनात काही जादू आहे असा नाही, आणि इथे आजीचंही पूर्ण बरोबर नाही. तोच प्रयोग नंतर इतरांनी पुन्हा करून पाहिला, २०१९ मध्ये एका गटाने आणि २०२१ मध्ये आणखी एका मोठ्या गटाने. टाइप करणारे जास्त शब्द लिहितात आणि जसंच्या तसं लिहितात हे २०२१ च्या प्रयोगातही दिसलं, पण मार्कांतला ठळक फरक दोन्हीकडे पुन्हा काही दिसला नाही. २०२४ मध्ये कॉलेजच्या मुलांवरचे असे २४ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला, त्यात हाताने लिहिणाऱ्यांचं पारडं जड निघालं पण थोडंसंच. म्हणजे फायदा आहे, पण ‘वही घेतली की नव्वद टक्के’ असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

२०२४ मध्येच नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममधला एक अभ्यास व्हॉट्सॲपवर खूप फिरला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ सेन्सर लावले आणि त्यांना काही शब्द डिजिटल पेनने लिहायला लावले, काही टाइप करायला. लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी बरेच जास्त जोडलेले दिसले. ऐकायला भारी आहे आणि कारणही समजण्यासारखं आहे, कीबोर्डवर ‘क’ आणि ‘ळ’ दोन्हीला बोटाची हालचाल तीच, दाबायचं, पण लिहिताना प्रत्येक अक्षराचा आकार हाताला घडवावा लागतो. फक्त दोन गोष्टी फॉरवर्ड करताना गळून पडतात, एक म्हणजे टायपिंग एकाच बोटाने करायला लावलं होतं, आणि दुसरं म्हणजे कुणाच्या काय लक्षात राहिलं हे त्यात तपासलंच नव्हतं. बाकी पेन स्क्रीनवर चालत होतं, त्यामुळे टॅबवर स्टायलसने लिहिणाऱ्या मुलांनी अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्याच प्रकाराची. भाचीची मैत्रीण गाइडमधली उत्तरं तीन रंगांच्या जेल पेनांनी वहीत उतरवते, अक्षर इतकं सुंदर की बघत राहावं, रात्री बारापर्यंत बसते बिचारी. सगळं हाताने, पण लॅपटॉपवाल्यांची जी चूक तीच ही, शब्द एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवले, आणि इतकी मेहनत करून पेपरात आठवत नाही म्हणून रडते. तिच्या मेहनतीत काहीच कमी नाही, ती मेहनत फक्त चुकीच्या जागी जातेय आणि हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

कारण नोट्स काढून झाल्यावर पुढे काय करता याचा परिणाम वही-कीबोर्डपेक्षा मोठा आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावर, एक समुद्री पाणमांजरांवर. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने उलटं झालं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि न बघता लिहिणाऱ्यांना ५६. म्हणूनच आदल्या रात्री वाचून ‘सगळं येतंय’ असं वाटतं आणि आठवड्याने पाटी कोरी.

आणि आपल्या बोर्डाचा पेपर अजून हातानेच लिहायचा असतो हे विसरून चालणार नाही. विज्ञानाचा एकेक भाग ४० मार्कांचा, दोन तास, त्यात आकृत्या, समीकरणं, नावं द्यायची. वर्षभर टाइप करणाऱ्या मुलांचा हात तासाभरात भरून येतो आणि शेवटचे प्रश्न येत असूनही सुटतात. शिवाय भिंगातून जाणारे किरण किंवा रासायनिक समीकरण लॅपटॉपवर काढत बसण्यापेक्षा वहीत दहापट सोपं पडतं. ज्या मुलांना लिहिणंच अवघड जातं, डिसग्राफिया असतो, त्यांना मात्र वहीची सक्ती अजिबात करू नये, त्यांची सगळी ताकद अक्षर काढण्यातच संपते आणि विचार करायला काही उरत नाही, त्यांना टाइप करू द्या, बोलून सांगू द्या.

भाचीशी शेवटी असं ठरलंय की क्लासमध्ये तिला हवं ते वापरू दे, टाइप केलं तरी चालेल. पण संध्याकाळी फाइल बंद, कोरं पान पुढ्यात, आणि आज काय झालं ते न बघता लिहायचं, मग फाइल उघडून जे सुटलं ते लाल पेनाने भरायचं. काल अपवर्तनाच्या पानावर अर्ध्याहून जास्त लाल होतं आणि ती वैतागली होती, आज सकाळी डबा भरताना मात्र आपणहून आजीला विचारत होती, आजी, पाण्यात चमचा वाकडा का दिसतो माहितीये का तुला?