बाग ३०० मीटरवर, पण गेट कुठंय?

बागांना शहराची फुप्फुसं म्हणायचे तो काळ कॉलऱ्याचा आणि कोंदट वस्त्यांचा, इंग्लंडात बर्कनहेडला १८४७ मध्ये सार्वजनिक पैशातून बाग झाली ती याच विचारातून, पण तेव्हा मुद्दा स्वच्छ हवेचा होता. व्यायामाकडे लक्ष गेलं ते १९५३ च्या अभ्यासानंतर. लंडनच्या डबलडेकरमध्ये दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा सतत जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता! म्हणजे रोजची हालचाल महत्त्वाची, आणि ती होणार की नाही हे बरंचसं शहराच्या रचनेवर. मग १९७४ ला कोलंबियातल्या बोगोटात रस्ते काही तास गाड्यांना बंद करून सायकलवाल्यांना दिले, १९८६ ला युरोपात निरोगी शहरांची मोहीम निघाली, पुढं बागाबागांत ओपन जिम आल्या.

पण हे सगळं घराजवळ असलं तरच माणूस रोज जाणार, आणि खरा घोळ आहे तो या 'जवळ' शब्दाचा. २०१७ ला युरोपात एक सोपा नियम सुचवला गेला, घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा हवी, साधारण पाच मिनिटांचं चालणं. पण हे ३०० मीटर धरले सरळ रेषेत! सरळ रेषेत पक्षी जातात, माणसं नाही. नकाशावर वर्तुळ काढलं की आतली सगळी घरं पास. आता त्यातलं एक घर बघा, खिडकीतून बागेची भिंत दिसते पण गेट पलीकडच्या बाजूला, मध्ये चार लेनचा रस्ता, सिग्नल लांब, आणि घरातल्या आजींना काठी घेऊन जायचंय. कागदावर मात्र त्यांची सोय झालेली असते.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या जागतिक उद्दिष्टांत तर स्पष्ट लिहिलंय की २०३० पर्यंत सगळ्यांना, खास करून बायका, मुलं, म्हातारी माणसं आणि अपंग यांना सुरक्षित हिरव्या जागा मिळाव्यात. पण प्रगती मोजायचा मुख्य आकडा ठेवला शहरातल्या मोकळ्या जागेच्या टक्केवारीचा, आणि माझ्या मते चूक तिथंच झाली, कारण जागा किती आहे आणि तिथं कोण पोचतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नंतर मोजणीच्या पद्धतीत प्रत्यक्ष रस्त्यानं ४०० मीटर चालत, हे अंतर आलं ते चांगलंच झालं. तरी त्यात संध्याकाळी दिवे लागतात का, कामावरून सुटेपर्यंत गेट उघडं असतं का, हे धरलेलं नाही.

२०२० मध्ये जिम बंद झाल्या आणि सगळे बागेकडे वळले, तेव्हा बाग असणं आणि तिथं पोचता येणं यातला फरक ज्याला त्याला स्वतःच्या पायांनी कळला.