स्नायू राखायचे, पण कॅलरी जाळण्यासाठी नव्हे

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने काटा झपाझप खाली येतो आणि मग एक दिवस अडतो. आठवडा जातो, दोन जातात, आकडा हलत नाही. बहुतेकांना वाटतं, आपला मेटाबॉलिझम, म्हणजे चयापचय, बसला. त्यात कुणीतरी सांगतं की मसल गेले म्हणून असं झालं, मसल वाढवा, मग झोपेतसुद्धा चरबी जळेल. स्नायू सांभाळा हा सल्ला चांगलाच आहे. त्यासाठी दिलेलं कारण मात्र चुकीचं आहे. कारण चुकीचं असलं की हवा तो परिणाम दिसत नाही, आणि माणूस निराश होऊन चांगला सल्लाही सोडून देतो. हे वारंवार घडतं, म्हणून इथे थोडं खोलात जाऊ या.

आपण काहीही न करता पडून राहिलो तरी श्वास चालतो, हृदय धडधडतं, यकृत आणि मूत्रपिंडं राबत असतात, पेशींची डागडुजी सुरू असते. यासाठी लागणारी ऊर्जा म्हणजे विश्रांतीतला चयापचय. दिवसभराच्या एकूण खर्चात त्याचा वाटा साधारण ६० ते ७० टक्के. तो मोजताना माणसाला उपाशीपोटी निवांत झोपवतात, डोक्यावर पारदर्शक टोप ठेवतात आणि त्याने किती ऑक्सिजन घेतला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला यावरून खर्च काढतात. मनगटावरचं घड्याळ किंवा जिममधलं वजनयंत्र यातलं काही मोजत नाही. वय, वजन, उंची घेऊन ते फक्त अंदाज बांधतं.

हा खर्च नेमकं कोण करतं? हृदय आणि मूत्रपिंडं दर किलोमागे दिवसाला सुमारे ४४० कॅलरी वापरतात, मेंदू सुमारे २४०, यकृत २००. विश्रांती घेणारा स्नायू मात्र किलोमागे जेमतेम १३ कॅलरी खर्च करतो आणि चरबी साडेचार. स्नायूंचं एकूण वजन भरपूर असल्याने त्यांचा वाटा नगण्य ठरत नाही, पण खरे खर्चिक अवयव आकाराने लहान आहेत.

आता हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या बाईंचं वजन वर्षभरात ११० किलोंवरून ८० वर आलं. गेलेल्या ३० किलोंत २२ किलो चरबी, ४ किलो स्नायू आणि उरलेलं पाणी वगैरे धरू. चरबी गेल्यामुळे विश्रांतीतला खर्च सुमारे १०० कॅलरींनी घटला, स्नायू गेल्यामुळे सुमारे ५० कॅलरींनी. म्हणजे गेलेले चारही किलो स्नायू परत मिळवले, तरी दिवसाला फरक पडणार एका लहान केळ्याहूनही कमी. झोपेत चरबी जाळणारी भट्टी काही यातून पेटत नाही.

प्रत्यक्षात खर्च या १५० कॅलरींपेक्षा बराच जास्त घटतो. एक तर लहान झालेल्या शरीराला लहान अवयव पुरतात. यकृतातली चरबी उतरते, ते आटतं. जाड झालेल्या हृदयाच्या भिंती पातळ होतात. हे चांगलंच लक्षण आहे, पण खर्च त्यानेही कमी होतो. दुसरं कारण म्हणजे लेप्टिन. चरबीच्या पेशी हे संप्रेरक सोडतात आणि साठा किती आहे ते त्यावरून मेंदूला कळतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ साली त्याचं जनुक शोधलं. चरबी घटली की लेप्टिन घटतं, आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागू लागतो: भूक वाढवतो, थायरॉइडचं कामकाज किंचित मंदावतो, खर्च आवरता घेतो. अपेक्षेपेक्षा जास्त झालेल्या या घटीला शास्त्रज्ञ चयापचयाचं अनुकूलन म्हणतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेली तुलना इथे फार बोलकी आहे. एका बाजूला टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतले १३ जण. त्यांनी कडक आहार घेतला होता आणि रोज घाम गाळून व्यायाम केला होता. दुसऱ्या बाजूला जठराच्या बायपास पद्धतीची शस्त्रक्रिया झालेले, त्यांच्याशी जुळणारे १३ जण. वजन दोघांचंही जवळपास तेवढंच घटलं. व्यायामामुळे स्पर्धकांनी स्नायू चांगले राखले होते. शस्त्रक्रियेच्या गटात गेलेल्या वजनापैकी सुमारे ३० टक्के वाटा चरबीविरहित भागाचा होता, तर स्पर्धकांत तो त्याच्या निम्म्याच्या आसपास. स्नायूच चयापचय सांभाळत असते, तर स्पर्धकांची बाजू वरचढ ठरायला हवी होती. घडलं उलटंच. त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा खूप खाली गेला. शस्त्रक्रियेच्या गटात सहा महिन्यांनी अशी घट दिसली खरी, पण वर्ष संपताना, वजन अजून उतरत असतानाही, ती ठळकपणे उरली नव्हती. त्याच टीव्ही स्पर्धेतल्या एकूण १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा त्यांचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच निघाला. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला.

गट लहान आहेत, हे मान्य. तरीही शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला यातून मोठा धीर मिळावा. काटा अडला म्हणजे शरीर बिघडलं, असं नाही. पहिल्या आठवड्यांत जे भराभर उतरतं त्यात ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातली साठवणीची साखर, आणि पाणी बरंच असतं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. तो वेग पुढे टिकणारच नसतो.

मग स्नायूंची एवढी काळजी का करायची? मला विचाराल तर खरा विषय इथूनच सुरू होतो. साखर रक्तातून उचलून घेण्याचं सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे स्नायू, आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतो. मधुमेह असलेल्या रुग्णाला ही केवढी मोठी सोय आहे! शिवाय जमिनीवरून हात न टेकता उठणं, जिना चढणं, एसटीची उंच पायरी गाठणं, तोल गेला तर सावरणं, हे सगळं काम स्नायूंचंच. गंमत अशी की स्थूल माणसाच्या पायांना रोज न मागता व्यायाम घडत असतो. ३० किलो जादा वजन म्हणजे घरचा भरलेला गॅस सिलिंडर. तो अंगावर घेऊन ते पाय वर्षानुवर्षं चाललेले असतात. शस्त्रक्रियेनंतर सिलिंडर उतरतो आणि पायांचं कामच कमी होतं. त्यामुळे थोडे स्नायू घटणं स्वाभाविक आहे. गरजेपेक्षा जास्त घटू द्यायचे नाहीत, एवढं मात्र आपल्या हातात असतं.

ते राखायला दोन गोष्टी लागतात, प्रथिनं आणि भार. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, बायपासमध्ये उरते ती एक छोटी पिशवी. चार घासांत पोट भरतं. शरीराला मात्र दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवी असतात. ती मिळाली नाहीत की शरीर स्नायूंतली प्रथिनं मोडून काम भागवतं. आपल्याकडच्या शाकाहारी ताटात खरी अडचण इथेच येते. वरण-भात पौष्टिक वाटतो, पण पातळ वरणात पाणीच फार. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात, १०० ग्रॅम पनीरमधून १८ ते २०, तेवढ्याच मासळीतूनही साधारण तितकीच. म्हणून ताटात आधी पनीर, अंडं, मासळी, घट्ट डाळ किंवा दही संपवायचं, भात-पोळी त्यानंतर. तेवढ्याने भागत नाही तेव्हा आहारतज्ज्ञ प्रथिनांची पावडर देतात आणि त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. सतत उलट्या होत असतील तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये, लगेच डॉक्टरांना गाठावं. बी-१ जीवनसत्त्व फार लवकर संपतं आणि त्याचा फटका मज्जासंस्थेला बसतो.

आता हालचाल. शस्त्रक्रियेच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी परिचारिका तुम्हाला उठवून वॉर्डात चालवते, ते कॅलरीसाठी नसतं. पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत आणि फुप्फुसं नीट उघडावीत, हा त्यामागचा हेतू. घरी आल्यावर पहिले काही आठवडे पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या दिवसातून अनेकदा, एवढंच पुरेसं असतं. जड वजन उचलणं साधारण चार ते सहा आठवडे वर्ज्य, तेही आपल्या सर्जनना विचारूनच. पाण्याची कळशी आणि कडेवरचं नातवंड ही दोन्ही जड वजनंच, हे घरच्यांनीही लक्षात ठेवायला हवं.

चालण्याबद्दल एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. रुडॉल्फ लायबेल आणि मायकेल रोझेनबॉम या अमेरिकी संशोधकांनी १९९५ पासून केलेल्या प्रयोगांत दिसलं की दहा टक्के वजन घटवून ते टिकवलेल्या माणसाचे स्नायू हलक्या कामात अधिक काटकसरी होतात. शरीर हलकं झालेलं, त्यात स्नायूही कमी इंधनात काम करणारे. त्यामुळे पूर्वीच्याच रस्त्यावरची तेवढीच फेरी आता कमी कॅलरी खाते. म्हणून फेरी हळूहळू लांबवावी लागते, आणि दिवसभरातल्या बारीकसारीक हालचाली वाढवाव्या लागतात. मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनी १९९९ साली दाखवलं होतं की सारखंच जादा खाऊनही माणसांत चरबी फार वेगवेगळी वाढते, आणि त्यातला मोठा फरक व्यायामाने नव्हे तर उठबस, येरझारा, उभं राहणं अशा हालचालींनी पडतो. फोनवर बोलताना चाला, भाजी उभ्याने चिरा. याला शिस्तबद्ध कार्यक्रम लागत नाही.

पण नुसतं चालून स्नायू राखले जात नाहीत, त्यांना भार लागतो. परवानगी मिळाल्यावर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, रबरी पट्टा ओढणं, पुढे हळूहळू डंबेल्स. साओ पावलो विद्यापीठात बायपास झालेल्या स्त्रियांवर झालेल्या प्रयोगांत, शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी सुरू केलेल्या देखरेखीखालच्या व्यायामाने स्नायूंची आणि हाडांची झीज कमी झाली. हाडांचा हा लाभ लहान नाही, कारण बायपासनंतर कॅल्शियम कमी शोषलं जातं.

आपल्या लोकांसाठी याला आणखी एक पैलू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं छायाचित्र २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. तेवढ्याच वजनात आपल्याकडे चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही भारतीयांची ठेवण याज्ञिकांनी नवजात बाळांतही दाखवली आहे. शस्त्रक्रियेआधीच आपल्या गाठीशी स्नायू कमी असतात, म्हणून तयारीही आधीच सुरू व्हायला हवी. पाच वेळा खुर्चीवरून उठून बसायला किती सेकंद लागतात, ते शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दर काही महिन्यांनी लिहून ठेवा. वयस्कांसाठी आशियाई तज्ज्ञांनी १२ सेकंदांची मर्यादा घातली आहे. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर काटा कितीही खाली आलेला असो, फिजिओथेरपिस्टला दाखवा.