मानशीची दारे आणि सर्व्हरची खोली

भरती चढू लागली की गोव्याच्या खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतातल्या, मानशीची (बांधातल्या पाणदाराची) लाकडी दारे पाण्याच्याच रेट्याने मिटतात. सुकती लागली की आतले पाणी त्यांना ढकलून नदीला मिळते. मोटर नाही, वीज नाही. प्राचीन चीनमधल्या ताओवाद्यांचे ‘वू-वेइ’ मला कळले ते मानशीपाशी उभे राहून. वू-वेइ म्हणजे हातावर हात धरून बसणे नव्हे. पाण्याचा ओढा ओळखायचा आणि त्याच्या आड यायचे नाही. त्यांच्या ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात पाणी थोर ठरते, कारण लोक टाळतात त्या सखल जागी ते मुक्काम करते. इ.स.पू. २५६च्या सुमारास ली बिंगने चीनमधली मिन नदी न अडवता दुभागली. ती दुजियांगयान योजना आजही शेते भिजवते.

उष्णताही पाण्यासारखीच, गरमाकडून गाराकडे आपणहून उतरते. एसी तिला उलट्या दिशेने, चढावर ढकलतो आणि बिल येते ते त्या चढाचे. सर्व्हर, म्हणजे अखंड चालणारे आणि तापणारे संगणक, जिथे ठेवतात त्या डेटा सेंटरच्या थंडाव्याचा इतिहास हा चढ कमी करण्याचा आहे, असे मी मानतो. आधी सगळी खोलीच गारठवत. १९९०च्या दशकात रॅक (सर्व्हरची कपाटे) समोरासमोर लावून गार आणि गरम हवेच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘अ‍ॅशरे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने २००४मध्ये २० ते २५ अंशांची शिफारस केली होती, ती २००८मध्ये १८ ते २७ केली. २०११मध्ये फिनलंडच्या हामिनात गूगलने जुन्या कागद गिरणीच्या बोगद्यातून समुद्राचे पाणी आणले. २०१३मध्ये स्वीडनच्या लुलेओत फेसबुकने बाहेरची थंड हवाच आत घेतली.

गोव्यात ही नक्कल चालणार नाही. इथली हवा उबदार आणि दमट. पाणी उडवून गारवा देणारे कूलर पावसाळ्यात हात टेकतात. एका जूनमध्ये पणजीतल्या एका कचेरीत सर्व्हरच्या खोलीची काच बाहेरून घामेजलेली पाहिली. दाराशी पिळून टाकलेले फडके, आत १८ अंश. एवढा गारठा कशाला? त्या खोलीत २६ अंश ठेवले असते तरी यंत्रांना चालले असते.

आपल्यासाठी खरा धागा झुरिकचा आहे. तिथे २०१०मध्ये आयबीएमच्या ‘अ‍ॅक्वासार’ संगणकात थेट चिपपर्यंत पाणी खेळवले, तेही ६० अंशांपर्यंत तापलेले. चिप त्याहून गरम, म्हणून उष्णता पाण्यात उतरते. आणि अशा पाण्यासाठी मे महिन्यातली पणजीची ३३-३४ अंशांची हवासुद्धा सखल जागाच आहे. तिथवर उतरायला कॉम्प्रेसर लागत नाही, पाणी फिरवणारा पंप आणि पंखा पुरतो.